सख्ख्यांचं गाव

शलाका आणि पुष्कर यांच्या लग्नाला चार वर्षं होऊनही त्यांचं एकदासुद्धा कडाक्याचं भांडण झालेलं नव्हतं, आणि अडचण नेमकी तिथंच होती.

दोघं एकमेकांना जपत. तिचं डोकं दुखलं की तो बाम चोळून देई. त्याची नखं वाढली की ती ओरडून नेलकटर त्याच्या हातात कोंबे. शेवभाजीतली शेव त्याच्याकडे जायची आणि भरतातले शेंगदाणे तिच्याकडे, तेही कुणी न मागता. बघणाऱ्यानं कौतुक करावं असा संसार! झोपायच्या खोलीत मात्र दोन पलंग होते आणि त्या दोघांच्या मध्ये एक टेबलपंखा होता.

सुरुवातीला त्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. दोघं महाबळेश्वरला जाऊन आले. तिथं स्ट्रॉबेरी खाल्ल्या, घोड्यावर बसले, पोट दुखेस्तोवर हसले आणि गेले तसे परत आले. जवळ यायची वेळ आली की दोघांनाही एकदम ओशाळल्यासारखं व्हायचं, काहीतरी भलतंच करायला निघालोय असं वाटायचं. मग पुष्कर उगाच पंख्याचा वेग कमी-जास्त करत बसे. शलाकाला वाटे, आपल्यातच काही कमी आहे. पुष्करला वाटे, आपल्यात. आणि दोघंही इतके भले, की एकमेकांना दोष द्यायचं कुणाच्या मनातसुद्धा येत नसे.

तापीकाठच्या हिंगोणखेड्यात अशी घरं किती होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण असली गोष्ट कोण कुणाला सांगणार? समाजाचा सामूहिक विवाह दरवर्षी धडाक्यात व्हायचा. एकाच मांडवात, एकाच मुहूर्तावर रांगेनं जोडपी उभी राहायची. पण पुढं बारसं एखादंच व्हायचं. अंगणवाडीच्या खोलीत आता म्हातारी मंडळी कॅरम खेळत. मुलींची शिकून डोकी फिरलीत, असं म्हातारे म्हणत आणि सोंगटी भोकात घालत.

याचं मूळ शलाकाच्या जन्माच्याही आधीचं होतं.

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी आत काय शिजतंय त्याचा थोडा नमुना बशीत घालून दाराबाहेर ठेवते. रक्तातल्या पहारेकरी पेशी दारोदार फिरत या बशा तपासतात. बशीत नेहमीचा वरणभात असेल तर त्या पुढं जातात, आणि विषाणूचा तुकडा दिसला तर ती पेशीच संपवून टाकतात. या बशा घडवणारी जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात, आणि माणसाच्या सगळ्या जनुकांत त्यांच्याइतकी नाना रूपांची दुसरी जनुकं नाहीत. एकाची बशी खोल, दुसऱ्याची पसरट. एकीत जो तुकडा नीट बसतो, तो दुसरीतून घसरून पडतो. बशांचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. त्यामुळे दोन परक्या माणसांचे संच जुळणं हा मोठाच योगायोग.

आणि म्हणूनच एकाच्या हाडांतला मगज, एकाचं मूत्रपिंड दुसऱ्याला सहजी चालत नाही. अनोळखी बशी दिसली की पहारेकरी काठ्या उगारतात. कारखान्यात पेशी तयार करता यायला लागल्या, साखरेच्या दुखण्यावर, कर्करोगावर, खराब झालेल्या यकृतावर डबाबंद इलाज निघाले, तेव्हा हीच अडचण आडवी आली. हजारो तऱ्हांच्या माणसांसाठी हजारो तऱ्हांच्या पेशी कोण करणार? तेव्हा शास्त्रज्ञांनी उलटं टोक धरलं. मापाचे कपडे शिवणं परवडत नाही ना, मग माणसंच एका मापाची करू! गर्भ चार-आठ पेशींचा असतानाच त्याचा संच बदलून ठराविक संच बसवायचा. मूल जन्माला येतं तेच कपाटातल्या प्रत्येक इलाजाच्या मापाचं.

सरकारनं तीन संच मंजूर केले होते आणि प्रत्येक गावात तिन्ही मिसळून वाटा, असं बजावलंही होतं. पण हिंगोणखेड्याच्या समाजात लग्न एका मांडवात, तेरवीचं जेवण एका पंगतीत, केळीचा भावसुद्धा सगळ्यांनी मिळून ठरवायचा. त्या समाजाला तीन संच कसे पटावेत? सभेत शलाकाचे वडील, दिगंबर बऱ्हाटे, उभे राहिले. सगळे त्यांना आबा म्हणत. आबा म्हणाले, "घरात तीन चुली मांडायच्या का भो? आपलं एकच राहू द्या. उद्या कुणाच्याही पोराला किडनी लागो, मगज लागो, शेजारचा उठून देईल." टाळ्यांनी मांडव दणाणला. त्यानंतर समाजात जन्मलेलं प्रत्येक मूल दोन नंबरच्या संचाचं झालं. शलाका त्यातली अगदी पहिल्या फळीची.

शलाका केळीच्या रोपांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. एका निवडक केळीच्या कोंबाचे तुकडे करायचे, काचेच्या बाटलीतल्या खाद्यावर लावायचे, त्यांना फूट आली की पुन्हा तुकडे. लाखो रोपं, आणि सगळी मिळून खरं तर एकच झाड. तिथंच एक दिवस, गावात बारशी इतकी कमी का होतात ते शोधायला, पुण्याहून डॉक्टर झरीन तांबोळी आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, बोलायला फटकळ. त्यांनी प्रयोगशाळेच्या रिकाम्या बाटल्या मागितल्या आणि गावातल्या तरण्या पुरुषांकडून दोन दिवस अंगात घातलेले बनियन मागितले.

गावात हसून हसून पुरेवाट झाली. काहींनी मुद्दाम कुस्ती खेळून बनियन दिले. डॉक्टरबाईंनी प्रत्येक बाटलीत एक बनियन घातला, वर झाकण लावलं, आणि शलाकासकट गावातल्या बायकांना एकेक करून खोलीत बोलावलं.

"झाकण काढायचं, वास घ्यायचा, आणि मनात येईल ते सांगायचं. लाजायचं नाही. मी यापेक्षा घाण वास घेऊन डॉक्टर झालेय."

शलाकानं पहिली बाटली हुंगली. "भावासारखा," ती म्हणाली. दुसरी हुंगली. "चुलतभावासारखा. म्हणजे, घरातलाच." तिसरी, चौथी, सगळ्यांचं तेच. मग एक बाटली उघडली आणि ती बोलायची थांबली. तो वास चांगला होता असंही नाही. पण तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या, आणि झाकण लावायला तिचा हात तयार होईना.

"ही कुणाची?"

"ते मी सांगणार नाही. गावातली नाही, एवढं सांगते. आता शेवटची."

शेवटची तिनं हुंगली आणि लगेच हसली. "हा तर सख्खा भाऊच वाटतोय. कुणाची आहे?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "तुमच्या मिस्टरांची."

शलाका खुर्चीवर बसली. डॉक्टरबाईंनी तिला पाणी दिलं आणि शेजारी बसून सावकाश सांगितलं. जंतूंना सवय लागते. ज्या बशा जास्त लोकांकडे असतात, त्यांतून निसटायला ते आधी शिकतात. मग ज्याची बशी दुर्मीळ, तो वाचतो, त्याची मुलं वाढतात, आणि ती बशी सर्रास झाली की जंतू तिच्यामागं लागतात. लाखो वर्षं हाच पाठशिवणीचा खेळ चालू आहे. बशांच्या काही जाती तर माणूस माणूस होण्याच्याही आधीच्या आहेत, चिंपांझींमध्येसुद्धा सापडतात. ही विविधता टिकावी म्हणून शरीरानं एक राखणदार ठेवलाय: नाक. संचाप्रमाणे अंगाचा वास बदलतो, आणि ज्याचा वास आपल्या माणसांसारखा, त्याच्याकडे मन त्या अर्थानं वळतच नाही.

"एरवी नाकाचं कोण ऐकतं?" त्या म्हणाल्या. "रूप, स्वभाव, शंभर गोष्टी असतात, त्यात नाकाचा आवाज ऐकूसुद्धा येत नाही. पण तुमच्या गावात सगळेच एक. इथं नाक बोंब मारतंय."

"म्हणजे माझ्यात काही कमी नाही?"

"तुझ्यात नाही आणि त्याच्यातही नाही."

शलाकाला इतकं हलकं वाटलं, की ती तिथंच, बनियनांच्या बाटल्यांसमोर बसून ढसाढसा रडली.

तिथून ती तडक माहेरी गेली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आबा एकटेच असत. ओसरीवर बसून ते पेपर वाचत होते. शलाकानं सगळं एका दमात सांगितलं, आडपडदा न ठेवता. बापाशी असलं बोलायचं नसतं हे तिला कळत होतं, पण आता तिला कशाचीच भीड राहिली नव्हती.

आबा बराच वेळ पेपराची घडी घालत राहिले.

"माझा धाकटा भाऊ, श्रीराम," ते शेवटी म्हणाले. "तू त्याला पाहिलं नाहीस. रक्ताचा कर्करोग झाला त्याला. मगज पाहिजे होता. माझा जुळेना. मग मी अख्खा समाज गोळा केला पोरी, ट्रॅक्टरमध्ये भरभरून माणसं नेली तपासायला. एकाचाही जुळला नाही. गर्दीत मेला बघ तो. इतकी माणसं भोवती, आणि एकजणही कामाचा नाही."

"म्हणून तुम्ही सगळ्यांना एक केलंत?"

"कुणी एकटं पडू नये म्हणून केलं." आबांनी घडी घातलेला पेपर पुन्हा उलगडला. "एवढंच होतं मनात."

शलाकाला त्यांचा राग आला होता, आणि त्यांची कीवही आली. दोन्ही एकदमच आलं. ती त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेली.

घरी पुष्करला सांगितलं तेव्हा त्यालाही आधी सुटल्यासारखंच वाटलं. तो केळी पिकवायच्या शीतगृहाचा व्यवस्थापक होता. हातातला डबा खाली ठेवून तो जोरात हसला. "म्हणजे चार वर्षं मी उगाच अश्वगंधा खातोय का?" मग दोघं हसले. मग हसणं संपलं.

"यावर काही इलाज?" त्यानं विचारलं.

इलाज होता. डॉक्टरबाईंनी तो सांगितला होता आणि करू नका असंही सांगितलं होतं. दोघांपैकी एकानं आपला मूळ संच, आईवडिलांकडून जो मिळायचा होता तो, परत बसवून घ्यायचा. जुने पहारेकरी झोपवायचे, शरीरभर बशा बदलायच्या, नवे पहारेकरी तयार करायचे. पुष्करला ते शक्य नव्हतं. लहानपणी त्याला साखरेचं दुखणं झालं होतं आणि त्याच्या पोटात कारखान्यातल्या पेशी इन्सुलिन करत होत्या. संच बदलला असता तर त्याच्याच पहारेकऱ्यांनी त्या मारल्या असत्या.

"मग मी बदलते," शलाका म्हणाली.

"वेडी आहेस का? उद्या तुला काही झालं तर कपाटातलं एकही औषध चालणार नाही. समाजातला एकही माणूस उपयोगी पडणार नाही."

"आणि नाही बदलले तर?"

आपण वेगळे होऊ या, तू गावाबाहेरचा कुणी बघ, हे पुष्करच्या ओठांवर होतं, तिलाही ते दिसत होतं. पण ते ऐकायची तिची तयारी नव्हती. गावाबाहेरच्या कुणाशी तिला काय करायचं होतं? तिला पुष्कर हवा होता. याच माणसाकडे बघून आपल्या कानांच्या पाळ्या तापाव्यात, एवढंच तिचं मागणं होतं.

"डॉक्टर आणखी एक म्हणाल्या," ती म्हणाली. "नाक दुसऱ्याचा वास कशाशी ताडून बघतं, ते अजून नक्की माहीत नाही. स्वतःच्या संचाशी, की लहानपणी घरात शिकलेल्या वासाशी. उंदरांत दोन्ही दिसतं. माणसात कुणी करून बघितलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे करून बघायचं."

हिवाळाभर शलाका पुण्याच्या इस्पितळात काचेच्या खोलीत होती. नवे पहारेकरी तयार होईपर्यंत साधं पडसंही तिला परवडणारं नव्हतं. डॉक्टर आणि नर्स डोक्यापासून पायापर्यंत झाकून येत, त्यांचे डोळे तेवढे दिसत. जेवण वाफवून, बंद डब्यात येई. खोलीत कसलाच वास नव्हता. आधी तिला ते जाणवलं नाही. मग एक दिवस उशी हुंगताना तिच्या लक्षात आलं की आपण घर आठवायचा प्रयत्न करतोय, आणि ते नीट आठवत नाहीये. त्या दिवशी ती फार घाबरली.

पुष्कर रोज पडद्यावर येई. शीतगृहातली भांडणं, कळण्याची भाकरी करताना झालेली त्याची फजिती, आबांची तब्येत, सगळं सांगे. काचेपलीकडच्या त्या दिवसांत दोघं लग्नाआधीच्या पोरापोरींसारखे बोलले. आधी कधी कविता वगैरे न म्हणणारा तो एकदा म्हणाला, "तू आलीस ना, की तो पंखा मी विकून टाकणार आहे." शलाका लाजली. आपल्याला लाजता आलं याचाच तिला केवढा आनंद झाला.

ती परतली तेव्हा केळीच्या बागांवर उन्हं तापायला लागली होती. बसमधून उतरली तेव्हा स्टँडवर ओळखीच्या बायका होत्या. "आली का व माय!" म्हणत त्या पुढं झाल्या, मिठीत घ्यायला हात पसरले, आणि हातभर अंतरावर अडखळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त गोंधळ होता. कडेवरच्या पोरानं, जे एरवी शलाकाकडे झेपावायचं, आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. पानाच्या टपरीवरचे तरणे गडी मात्र बोलणं थांबवून तिच्याकडे बघत राहिले.

पुष्कर गाडीजवळ उभा होता. तो हसत आला, तिची पिशवी घ्यायला वाकला, आणि तसाच राहिला. मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा पार बदललेला होता. हा चेहरा तिनं कधीच पाहिलेला नव्हता. तो काही बोलायला गेला तर त्याचा आवाज फाटला. घरापर्यंतच्या रस्त्यात त्यानं दोनदा गाडी चुकीच्या वळणावर घातली.

खोलीत खरंच पंखा नव्हता. पुष्करनं दार लावलं आणि तिचा हात हातात घेतला. त्याचा तळवा घामेजला होता.

"शलाका," तो म्हणाला, "मी मूर्ख आहे. चार वर्षं तू इथं होतीस. मला... हे असं असतं होय?" त्याचे डोळे भरून आले होते. "तुला? तुलाही होतंय ना?"

शलाकानं डोळे मिटले. त्याच्या खांद्यावर नाक टेकवलं आणि खोल श्वास घेतला. तिनं वाट बघितली. पुन्हा श्वास घेतला. काचेच्या खोलीत आठवता आठवेना ते सगळं एकदम परत आलं: घर, शाळेची वर्षं, गणपतीच्या मांडवात दाटीनं बसलेली चुलतभावंडं, सुरक्षित, मायेचं, आपलं. तिला गाढ झोप यावी इतकं बरं वाटलं. आणि कानांच्या पाळ्या थंडच राहिल्या.

तिच्या अंगाचा वास बदलला होता. नाक मात्र जुनंच होतं. लहानपणी ज्यांना आपलं म्हणायला ते शिकलं, त्यांनाच ते आपलं म्हणत होतं.

खोटं बोलणं सोपं होतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तर फारच सोपं होतं. पण याला आपण आजवर कधी फसवलेलं नाही, आणि फसवून याच्या कुशीत शिरणं आपल्यानं व्हायचं नाही, हेही तिला तितकंच स्पष्ट कळलं.

"नाही रे पुष्कर," ती म्हणाली.

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं तिचा हात सोडला. झटकला नाही, अगदी जपून सोडला, आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

पुढचे काही दिवस दोघांनी पूर्वीसारखं राहून बघितलं. शलाकाला ते जमत होतं. पुष्करला जमेना. ती शेजारी बसली की तो उठे. तिनं डोकं दुखतंय म्हटलं तर तो बामची बाटली लांबून टेबलावर ठेवी. एकदा ती वैतागून म्हणाली, "अरे, निदान जेवायला तरी बस माझ्याजवळ. आधी बसायचास की!"

"आधी तू मला घरातली वाटायचीस," तो ताटाकडे बघत म्हणाला. "आता नुसतं तुझ्याजवळ बसवत नाही मला. आणि तुझ्या मनात काही नसताना मी तुझ्याकडे अशा नजरेनं बघायचं, हे मला शोभत नाही."

शलाकाला त्याच्यावर चिडायचं होतं, पण चिडायचं कशावर? ज्यासाठी ती हिवाळाभर काचेत बसली होती, ते त्याच्या बाबतीत अगदी झालं होतं. नवरा तर तिला मिळाला नाहीच, आणि एवढी वर्षं होता तो भाऊही गेला.

डॉक्टरबाईंचा फोन आला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पुण्याला ये. इथं तिन्ही संचांची माणसं आहेत, संच न बसवलेलीही आहेत. तुझं नाक शाबूत आहे. कुणीतरी भेटेल."

"भेटेल हो," शलाका म्हणाली. "पण तो पुष्कर नसेल ना."

पुष्करनं सावद्याच्या शीतगृहात बदली मागून घेतली. निघायच्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत त्यानं गाडीत बॅग ठेवली. शलाकानं त्याला दशम्या आणि चटणी बांधून दिली, इन्सुलिनच्या तपासणीची तारीख चुकवू नकोस म्हणून दटावलं, कॉलर नीट करायला हात पुढं केला आणि आठवण होऊन मागं घेतला.

"अधूनमधून येत जा," ती म्हणाली.

पुष्करनं गाडी सुरू केली. तो समोर रस्त्याकडेच बघत होता.

"राहवलं तर येणार नाही," तो म्हणाला. "नाही राहवलं, तर येईन."

गाडी केळीच्या बागांमधून वळून दिसेनाशी होईपर्यंत शलाका फाटकात उभी होती. मग तिला रडू आलं. भाऊ परगावी निघाला की बहिणीला येतं, तेच रडू होतं ते. ते तिचं तिला कळत होतं. दुसरं कुठलं रडू यावं म्हणून ती तिथं खूप वेळ थांबली, पण ते काही आलं नाही.